काटूला आवाज, मला चमचा

१२ फेब्रुवारी

काढायचं म्हणाले. सगळंच.

डॉक्टर तसे सज्जन आहेत. कागदावर चित्र काढून दाखवलं – हा घसा, ही श्वासनळी, हे स्वरयंत्र – आणि मग त्या स्वरयंत्रावर पेनाने फुली मारली. माझा सगळा धंदा एका फुलीत बसला! गाठ अशा जागी आहे की तिच्याबरोबर तेही जाणार. श्वास मानेला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. जेवण तोंडानेच, पण काही दिवसांनी. बोलणं नाही. ९ मार्चची तारीख दिली.

हे शेजारी बसले होते. चष्म्याच्या दुकानातून तसेच उठून आलेले, खिशात काचा पुसायचं फडकं. ते काढून त्यांनी स्वतःचा चष्मा पुसला. मग डॉक्टरांचा चष्मा टेबलावर पडला होता, तोही उचलून पुसून ठेवला. डॉक्टर बघतच राहिले. मला हसू आलं आणि हसताना आवाज मध्येच फाटला.

खाली उतरताना लिफ्टमध्ये मीच बोलले. म्हणजे माझा आवाज. "तळमजला. दार उघडत आहे." लिफ्टच्या कंपनीसाठी कधीतरी एका दुपारी उरकून टाकलेलं काम. नेहमी मला त्याची गंमत वाटायची, बरोबरच्या माणसाला कोपराने ढोसून सांगायचे. आज अंगावर काटा आला. हे म्हणाले, "ही बाई कुठे जात नाही."

१३ फेब्रुवारी

सकाळी उठल्यावर तासभर आवाज बरा असतो. मग नुसती खरखर. म्हणजे रोजचा एक तास हातात आहे.

१४ फेब्रुवारी

कार्टूनच्या निर्मातीबाई घरी येऊन गेल्या. फळं आणली, सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या. माणूस असा कडेला बसला की समजावं, काहीतरी मागायचं आहे.

काटू म्हणजे साळिंदराचं पिल्लू. वय वर्षं सात – आणि गेली एकोणीस वर्षं सातच. त्याला बोलतं ठेवलंय मी. सुरू केला तेव्हा माझी लेक त्याच्याहून एका वर्षाने मोठी होती. आता तिला सातवा महिना लागलाय आणि काटू अजून दुधाचा दात पडायची वाट बघतोय! कार्टूनच्या शेवटच्या पर्वाचे चार भाग राहिलेत. मग तसंही बंदच होणार आहे.

बाईंचं म्हणणं असं की जमेल तेवढं मी करावं. नाही जमलं तर दुसरी कुणी बघू. किंवा माझ्या जुन्या रेकॉर्डिंगवरून मशीन बोलेल, हल्ली होतं तसं. मी म्हटलं, लिफ्टमध्ये एक बसवून ठेवलीय तेवढी पुरे. चारही भाग मी करीन. बाई उठताना डोळे पुसत होत्या. जिना उतरता उतरता फोनवर कुणाला तरी "हो हो, करतायत त्या" म्हणाल्या. माझे कान अजून शाबूत आहेत म्हटलं.

१६ फेब्रुवारी

लेकीला आज फोनवर सांगितलं. चार दिवस टाळत होते. हे म्हणाले मी सांगतो, पण ह्यांना बातमी सांगता येत नाही, हवापाण्यापासून सुरुवात करतात.

नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी आहे तिची, मागे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग डॉक्टर कोण, तपासण्या काय काय झाल्या, दुसऱ्या कुणाला दाखवलं का – सगळं नीट विचारलं. बाळंतपणाला इकडे यायचं ठरलं होतं. म्हणाली, आता तिकडेच करते, सासूबाई आहेत, तुला तुझंच व्हायचं नाही. बरोबरच आहे तिचं.

शेवटी म्हणाली, "आई, बाळासाठी काहीतरी बोलून ठेव. गोष्ट नको, गाणं नको. नुसतं बोल. तुझ्या आवाजात."

एवढंच ना, मी म्हटलं. त्यात काय!

१९ फेब्रुवारी

स्टुडिओ तळघरात आहे. भिंतींना काळा स्पंज, खाली गालिचा, न कुरकुरणारं एक स्टूल – ते माझं. कडक इस्त्रीचे कपडे आत चालत नाहीत, सळसळतात. म्हणून माझा एक जुना मऊ झगा तिथेच खुंटीला असतो. हिरव्या सफरचंदाची फोड चावायची म्हणजे तोंडातला चिकट आवाज जातो. काचेपलीकडे कानसेन, आमचा रेकॉर्डिस्ट. नाव वेगळंच आहे, पण पहिल्या दिवसापासून मी त्याला हेच म्हणते. माझं पोट गुरगुरलं तरी त्याला हेडफोनमध्ये कळतं. मग तो म्हणतो, "ताई, आधी काहीतरी खाऊन या."

काटूचा एक भाग झाला. वरची पट्टी लागताना घशात काच कुटल्यासारखं होतं, पण लागली. मग त्याला म्हटलं, आता माझं घरचं काम. त्याने काही न विचारता नवी फाइल उघडली.

मी सुरू केलं. "बाळा, मी तुझी आजी." काचेपलीकडे तो खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, ही पेंग्विनच्या माहितीपटातली बाई आहे." बरं. पुन्हा. "ही बँकेची." पुन्हा. "ही लिफ्ट."

मी चिडले. मग तूच बोल, म्हटलं. तो गरीब बिचारा, कानाची पाळी चोळत बसला. म्हणाला, "तुम्ही आत आलात की कुणीतरी असताच ताई. त्याशिवाय तुम्हाला मी ऐकलेलंच नाही."

तास संपला. आवाज गेला. पाऊण तास काटूने खाल्ला आणि उरलेला पेंग्विनने.

२० फेब्रुवारी

बाळा, मी तुझी आजी. मोरीत करून पाहिलं. घुबड निघालं. (काटूच्या जंगलातलं म्हातारं घुबडही मीच आहे. बजेट!)

२१ फेब्रुवारी

ह्यांना विचारलं, माझा खरा आवाज कसा आहे हो? पेपरातून मान वर न करता म्हणाले, "लग्नाआधी छान होता." मग पेपर ठेवला. म्हणाले, तू घरी बोलतेस कुठे?

खरं आहे. रेकॉर्डिंग असलं की आदल्या दिवसापासून घरात मौन, हा माझा नेम. गाणारे लोक पाळतात, मीही पाळला. आणि रेकॉर्डिंग कधी नसायचं? काटू, जाहिराती, माहितीपट, संग्रहालयात कानाला लावून ऐकायची ती माहिती. पोर लहान, तिला हाक तर मारायला हवी – म्हणून स्टीलचा पेला आणि चमचा. एकदा वाजला, जेवायला ये. दोनदा, इकडे ये. तीनदा, अगदी हलके – मी आहे, झोप. ते तिसरं तिला अंधाराची भीती वाटायची म्हणून. दुसऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसायचे आणि ती झोपेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने वाजवायचे.

आल्यागेल्याला फार कौतुक. काय शहाणं घर आहे, म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. अजून वाटतं.

पेला आहे अजून. तळाशी पोचा आलाय, आवाज थोडा बसका झालाय. माझ्यासारखाच.

२२ फेब्रुवारी

ऑपरेशनआधीच्या तपासण्या. भूल देणारी डॉक्टरीण तरुण आहे, गोड बोलते. भीती वाटते का, विचारलं. मी म्हटलं, मी भरपूर वेळा मेलेय.

ती दचकली. मग सांगितलं तिला – व्हिडिओ गेमसाठी मरायचे आवाज करते मी. बाण लागून, पाण्यात बुडून, कड्यावरून पडून. एका दिवसात पन्नास-साठ मरणं काढून घेतात. काचेपलीकडून कानसेन सांगायचा, ताई, जरा लांबून पडा, अजून खाली जमीन आलेली नाही! मरून मरून घसा सोलवटून निघायचा, मग दोन दिवस घरी पुन्हा मौन आणि कोमट पाणी. डॉक्टरीण खूप हसली. तिचा धाकटा भाऊ तो गेम खेळतो म्हणे.

तिच्यासमोर हसले मी. रिक्षात बसल्यावर मात्र रडले. एवढी मरणं केली, त्यात एकही गप्प नव्हतं.

२३ फेब्रुवारी

लेक आली. पोट चांगलंच दिसायला लागलंय. आल्या आल्या माझ्या गळ्यात पडली नाही, गळ्याकडे बघत उभी राहिली. मग बॅग उचलायला वाकली आणि ह्यांनी आरडाओरडा केला.

माझी चाल, ह्यांचं कपाळ. आवाज तिचा कुणावर गेला कोण जाणे. खालचा, सरळ, कुठे वळणं नाहीत. तिने कधी या लायनीत पाऊल टाकलं नाही, विचारलंसुद्धा नाही.

२४ फेब्रुवारी

सकाळी स्टुडिओत काटूचा तिसरा भाग संपवला. म्हणून दिवसभर मौन. जेवणाची वेळ झाली, पानं वाढली आणि सवयीने पेल्यावर चमचा वाजवला. एकदा.

लेक समोरच होती, भाताचं भांडं घेऊन उभी. भांडं खाली ठेवून म्हणाली, "आई, मी इथेच आहे." जेवली गुपचूप. हे एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले आणि पाणी पीत राहिले.

२५ फेब्रुवारी

एकच भाग उरलाय काटूचा. त्यातलाही मोठा प्रसंग एकच, शेवटचा – वाट चुकलेला काटू बिळाच्या तोंडाशी येऊन आईला हाक मारतो. उद्या सकाळी तो, आणि मग लेकीचं काम. तिनेच सुचवलं, मी आत तुझ्यासमोर बसते, माइककडे बघू नकोस, माझ्याशी बोल. चांगली कल्पना आहे. तिच्याशी बोलताना तरी पेंग्विन यायचा नाही.

कुणाचं आधी, यावरून थोडा वाद झाला. मी म्हटलं, आधी काटू, तो शब्द दिलाय. ती म्हणाली, आधी तो की आधी मी? हसत म्हणाली. निदान मला तसं वाटलं. शेवटी मी म्हटलं बरं, आधी तू.

२६ फेब्रुवारी

आजच लिहायला हवं. उद्या लिहिलं तर मी ते सावरून लिहीन.

कानसेनने तिच्यासाठी खुर्ची ठेवली, पाठीला उशी दिली. दार लागलं. आत फक्त आम्ही दोघी. दार लागलं की तिथे इतकं शांत होतं की स्वतःचं रक्त ऐकू येतं. ती पोटावर हात ठेवून बसली. मी म्हटलं, "बाळा –"

"हे घुबड आहे," ती म्हणाली.

पुन्हा केलं. ती नुसती मान हलवत होती. मी म्हटलं, तुला नेमकं कसं हवंय ते नीट सांग, माझा सकाळचा एकच तास असतो. तिचा चेहराच बदलला.

"एकच तास. माझ्यासाठी नेहमी मोजूनमापून. काटूला तुझा आवाज मिळाला, आई. मला चमचा."

मग थांबेचना. मैत्रिणींच्या आया गच्चीवरून नावाने ओरडायच्या, आमच्याकडे टण. रागवायचीस तीसुद्धा घुबडाच्या आवाजात – आई रागावलीय की घुबड, तेच कळायचं नाही, मी हसायची आणि आणखी बोलणी खायची. टीव्हीवर काटू त्याच्या आईला हाक मारायचा तेव्हा मी टीव्ही बंद करायची, म्हणाली. माझ्या आईच्या आवाजात तो त्याच्या आईला बोलवायचा. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं तिला कार्टून आवडत नाहीत.

आणि मी उसळले. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही, राग आला. एवढी वर्षं जे मी अभिमानाने मिरवलं ते हिने केरात टाकलं!

"आणि तीन वेळा वाजायचा तो कोणाचा होता? तू झोपेपर्यंत भिंतीला टेकून कोण बसायचं? पाय बधिर व्हायचे माझे. उठून आत यावं तर तुझी झोप मोडायची. चमचा, चमचा काय लावलंयस – तो चमचा म्हणजे मीच होते!"

बोलता बोलताच मला ऐकू आलं. हा कुठला आवाज? जाडाभरडा, खालचा, कडेने फाटलेला. कुणाचाच नव्हता तो. असा आवाज घेऊन कुणी ऑडिशनला आलं असतं तर मी स्वतः परत पाठवलं असतं. आणि वळणं नाहीत, अगदी सरळ. लेकीच्या आवाजासारखा!

ती खुर्चीत ताठ बसली होती. डोळे वाहत होते, पण पुसले नाहीत. म्हणाली, "हा. हा कुठे होता?"

मला पुढे पुष्कळ बोलायचं होतं. तोंड उघडलं तर नुसती हवा.

२७ फेब्रुवारी

आवाज आला नाही. कुजबुजही फुटत नाही धड. डॉक्टर म्हणाले सूज आहे, आता ऑपरेशनपर्यंत अशीच राहील. कशाने झालं, विचारत होते. ह्यांनी सांगितलं, घरगुती कारण.

काटूचा शेवटचा प्रसंग राहिला. पण मला त्याचं काही वाटलं नाही. रात्रीपासून मनात एकच – ते रेकॉर्ड झालं असणार. कानसेनच्या बोटाला सवय आहे, दार लागलं की त्याचं बटण दाबलेलं असतं. माझे खोकले, माझे चुकलेले शब्द, सगळं आहे त्याच्याकडे. म्हणजे हेही असेल. बाळाला ऐकवायला शिव्याशाप का असेनात, माझा आवाज आहे!

लेकीला घेऊन स्टुडिओत गेले. कागदावर लिहून दिलं, कालचं लाव.

तो उभाच राहिला. म्हणाला, "मी बंद केलं होतं ताई. घरचं होतं ना. हेडफोनपण काढून ठेवले, बाहेर जाऊन उभा राहिलो."

एकोणीस वर्षं तो असाच वागलाय. आत कुणी रडतं, कुणी फोनवर नवऱ्याशी भांडतं. तेव्हा तो कधी ऐकत नाही, आणि म्हणूनच आम्ही सगळ्या त्याच्या काचेसमोर निर्धास्त असतो. आज पहिल्यांदा मला त्याच्या सभ्यपणाचा राग आला. त्यालाही कळलं. सारखं "चुकलं माझं" म्हणायला लागला, तेव्हा मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याचं काय चुकलं? काही नाही.

म्हणजे तो आवाज एकदाच निघाला, ऐकला एकीनेच, आणि संपला. फार रडले. आवाज नसताना रडलं की मान दुखते, हे नवीन कळलं.

२८ फेब्रुवारी

लेक गेली. जावई न्यायला आले होते. दोन दिवसांत आम्ही त्या विषयावर काही बोललो नाही. मी बोलू शकत नव्हते आणि तिने काढलं नाही. निघताना माझ्या शालीचं टोक गळ्याभोवती नीट केलं. म्हणाली, ऑपरेशननंतर तिकडे यायची घाई करू नकोस, बाळाचं मी बघेन, तू आधी स्वतःचं बघ.

चांगल्या अर्थाने म्हणाली की वाईट, मला आवाजावरून कळायला हवं होतं. हाच तर माझा धंदा. नाही कळलं. बाळाला आजी म्हणून मी हवीय का नको, एवढंच विचारायचं होतं मला. कागदावर लिहून विचारायचा प्रश्न नाही तो.

३ मार्च

कानसेनचा निरोप आला. पहिल्या पर्वाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याला काटूने मारलेली एक "आई" अशी हाक सापडली आहे, ती शेवटच्या प्रसंगाला चपखल बसते, लावू का? निर्मातीबाईंची हरकत नाही. मी लिहून पाठवलं, लाव. मशीन नको म्हटलं होतं मी. पण हे मशीन नाही, मीच आहे, शिळी.

८ मार्च

उद्या. आज दुपारीच दाखल झाले.

लिफ्टमध्ये पुन्हा भेटली ती. "तिसरा मजला." किती ठणठणीत आहे! एक म्हातारे गृहस्थ आत होते, त्यांना कमी ऐकू येत असावं, मला विचारलं कितवा आला? मी तोंड उघडलं आणि बंद केलं. बोटं दाखवली. तीन.

अंगठी काढायला लावली. ह्यांनी ती चष्म्याच्या घरात ठेवली आणि घर चारदा उघडून बघितलं, आहे ना म्हणून.

९ मार्च

सकाळ. ट्रॉली यायची आहे. रात्रभरात थोडी कुजबुज परत आलीय. ह्यांना वाटतंय मी आता काहीतरी बोलावं, म्हणून जवळ वाकून उभे आहेत. काय बोलू? बत्तीस वर्षांचा संसार एका कुजबुजीत कसा बसवायचा? चष्मा पुसा, म्हटलं. धुरकट झाला होता त्यांचा.

२२ मार्च

आहे. श्वास मानेतून येतो, गार लागतो. पेन्सिल धरवते.

६ एप्रिल

घरी आले. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलंय. लावून पाहिलं. यंत्रमानवाची भूमिका मी दोनदा केलीय, याहून चांगली. कपाटात ठेवलं. हे म्हणाले, घाई नाही.

पुन्हा पेला-चमचा आला. ह्यांना खुणा नीट येत नाहीत. तेव्हा ते दुकानात असायचे, शिकले ती लेकच. इकडे या म्हटलं की जेवायला बसतात. आता स्वयंपाकघरात एकदा वाजला की बाहेरच्या खोलीतून विचारतात, "जेवण की मी?" चुकतात आणि हसतात. मी पण हसते, हवा जाते भोकातून.

लेकीचा फोन रोज येतो, ह्यांच्याशी बोलते. हे मला सांगतात – वजन इतकं, पाय सुजलेत, डॉक्टर बरं म्हणतात. मी ह्यांच्या खांद्याला कान लावून ऐकते. एकदा म्हणाली, आईला सांगा. पण काय सांगा ते म्हणालीच नाही.

२५ एप्रिल

काटूचा शेवटचा भाग लागला. हे मुद्दाम दुकान लवकर बंद करून आले. बिळाच्या तोंडाशी येऊन काटू थांबला आणि त्याने हाक मारली. एकोणीस वर्षांपूर्वीची मी. कोवळी, टवटवीत, घशात कुठे खडा नाही. कुठे जोड दिसत नाही, कानसेनच तो.

मला लेकीचं आठवलं. टीव्ही बंद केला.

४ मे

तारखेला अजून तीन आठवडे आहेत. कचेरीतून रजा घेतली म्हणे तिने. ह्यांनी विचारलं, आम्ही येऊ का? ती म्हणाली, बघू बाबा, कळवते. "बघू" हा शब्द मी दहा वेळा मनात वाजवून पाहिला. दहा अर्थ निघाले.

११ मे

दुपारी फोन वाजला. लेकीचा नंबर. हे दुकानात. मी उचलून करणार काय? तरी उचलला. तिला माहीत आहे मी बोलू शकत नाही. ती पण काही बोलली नाही. नुसता श्वास. मग पेल्यावर चमचा – काचेचा पेला, स्टीलचा नव्हे. दोनदा.

मी टेबलावरचा चमचा उचलला आणि माझ्या पोचा आलेल्या पेल्यावर तीनदा वाजवलं, हलके. पलीकडे ती रडायला लागली. तिच्यामागे आणखी कुणीतरी रडत होतं. पट्टी वरची, दम भरपूर.

बॅग भरतेय.